शिफारस

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाचा काही शब्दांवरचा विश्वास कायमचा उडतो. ‘उद्या नक्की भरतो’ हे त्यातलं पहिलं वाक्य. दुसरा शब्द ‘शिफारस’. ‘अर्जदार सचोटीचा असून त्यास कर्ज मंजूर करण्याची शिफारस करण्यात येत आहे’ असं ज्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो अर्जदार तीन वर्षांनी घरी सापडत नाही. जामीनदार सापडतो, पण त्याला स्वतःची सही ओळखू येत नाही. तेव्हा २०२५च्या जूनमध्ये आमची कन्या पुण्याला कॉलेजात निघाली आणि एसटीत चढण्यापूर्वी तिनं माझ्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला, त्यावरचा ‘बाबांसाठी शिफारस’ हा मथळा वाचून मी सवयीनं आधी कागदाची मागची बाजू बघितली. सही कुठे करायची आहे ते पाहायला.

मागे काही नव्हतं. पुढे एक ते बारा आकडे होते. अकरा आकड्यांपुढे गाण्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे शेरा. ‘रात्री ऐका, हेडफोन लावून.’ ‘आईची सीरियल चालू असताना नको.’ ‘पहिलं मिनिटभर घाबरू नका, पुढे चाल येते.’ बाराव्या आकड्यापुढे नुसती रेघ होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे तुम्ही सांगायचं.’

गाणी जपानी होती. एकाच बँडची होती. आणि त्या बँडवरून आमच्या घरात पावणेदोन वर्षांपूर्वी जे काही झालं होतं, त्यानंतर ही यादी म्हणजे थकीत खातेदारानं आपणहून येऊन हप्ता भरण्यातला प्रकार होता. फक्त थकीत खातेदार मी होतो.

आता आधी बँड सांगतो. नाव बक-टिक. जपानीत ‘बाकुचिकु’ म्हणजे फटाके, त्यावरून पोरांनी हे इंग्रजी वळणाचं नाव केलं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या बँडनं ‘लवंगी माळ’ असं नाव ठेवावं त्यातलं. १९८३ साली गुन्मा नावाच्या प्रांतात, फुजिओका या गावाकडच्या हायस्कुलातल्या पोरांनी हा सुरू केला. गुन्मा टोकियोपासून फार लांब नाही, पण टोकियोही नाही. नगरच्या माणसाला हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे काही बरं उगवलं की ते सकाळच्या गाडीनं पुण्याला जातं.

या पोरांनी केस असे उभे केले होते, की वाटावं पाचही जणांचा एकाच वेळी उघड्या तारेला हात लागला. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली. या प्रकाराला जपानात ‘व्हिज्युअल केई’ म्हणतात. ‘केई’ म्हणजे पठडी किंवा घराणं. ग्वाल्हेर घराणं, किराणा घराणं, तसं हे दिसण्याचं घराणं. हे नाव ‘एक्स’ नावाच्या दुसऱ्या एका जपानी बँडच्या घोषवाक्यावरून रुळलं असं कन्येनं मला सांगितलंय. त्या बँडनं १९९२मध्ये नाव बदलून ‘एक्स जपान’ केलं. आमच्या जिल्ह्याचंही नाव २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण त्यांना केवायसी पुन्हा करावी लागली नसणार.

मला या सगळ्यात पटलेली पहिली गोष्ट सुरांची नव्हती, आस्थापनेची होती. बक-टिकची पाच माणसं १९८५पासून २०२३पर्यंत तीच होती. अडतीस वर्षं! आमच्या शाखेत पाच माणसं अडतीस महिने एकत्र राहत नाहीत. एकाची बदली होते, एक बढती घेतो, एक बढती मिळाली नाही म्हणून रजा घेतो. त्यातही गंमत म्हणजे त्यांचा गायक आत्सुशी साकुराई सुरुवातीला ड्रम बडवायचा. मला गायचंय म्हणून तो पुढे आला आणि ड्रमवर बासवाल्या युताका हिगुचीचा थोरला भाऊ यागामी येऊन बसला. म्हणजे कॅशियरनं उठून शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसायचं, कॅशवर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या भावाला घ्यायचं आणि तरीही शाखा अडतीस वर्षं नफ्यात चालवायची. हे यागामी आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांचे केस अजून उभे आहेत. माझे चाळिशीतच बसले. काही तर उठून निघून गेले.

कन्येला हे व्यसन २०२०च्या लॉकडाउनमध्ये लागलं. एका जपानी कार्टूनच्या सुरुवातीला यांचं ‘ड्रेस’ नावाचं गाणं होतं. गाणं मुळात १९९३चं, कार्टूनला २००५मध्ये लावलं, आणि सावेडीतल्या एका सातवीच्या मुलीला ते २०२०मध्ये येऊन चिकटलं. पुढे पुढे तिच्या डोळ्यांतलं काजळ वाढू लागलं. आमच्या सौ.चं म्हणणं, ‘काजळ दृष्ट लागू नये म्हणून घालतात. हिनं इतकं घातलंय की हिचीच दुसऱ्याला लागेल.’ मी हसलो. त्या काळात मी या विषयावर फक्त हसत असे.

आणि मग २०२३चा दसरा आला. २४ ऑक्टोबर, मंगळवार. बँकेला सुटी, दाराला तोरण, स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा वास. मी आपट्याची पानं खिशात कोंबून सोनं लुटायला निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. धावत गेलो. पोरगी मोबाइल छातीशी धरून हमसून हमसून रडत होती. ही म्हणाली, ‘अगं, कोण गेलं?’ माझ्या डोळ्यांपुढून सगळे म्हातारे नातेवाईक वयानुसार सरकून गेले.

साकुराई गेला होता. १९ तारखेला योकोहामात कार्यक्रम चालू असताना, तिसऱ्या गाण्याच्या वेळी त्याला बरं वाटेनासं झालं. आत नेलं, तिथून हॉस्पिटलात, आणि त्याच रात्री मेंदूतल्या रक्तस्रावानं तो गेला. वय सत्तावन्न. बातमी जाहीर झाली ती आमच्या दसऱ्याला.

आता अशा वेळी सुज्ञ बापानं काय करावं? गप्प बसावं. पाणी द्यावं. फार तर डोक्यावर हात फिरवावा. मी म्हणालो, ‘अगं, आपल्याला त्याचं सुतक लागत नाही. ऊठ, सोनं घे.’

वाक्य तोंडातून बाहेर पडत असताना मला ते विनोदी वाटलं होतं. बँकेत सांगितलं असतं तर दोघेतिघे हसले असते. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. रडायची थांबली. उठली, माझ्या हातातलं आपट्याचं पान घेतलं, पाया पडली आणि पुढे दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली. ‘बाबा, दूधवाला आलाय.’ ‘बाबा, फीची पावती.’ ज्या घरात पूर्वी ‘बाबा’नंतर पाऊण तासाचं वाक्य यायचं, तिथे दोनतीन शब्दांचं व्हाउचर यायला लागलं. पुढे बोलणं पूर्ववत झालं, पण जपान हा विषय खात्यावर गोठवलेल्या रकमेसारखा पडून राहिला. दिसतो, पण काढता येत नाही.

खरं सांगायचं तर त्या सुतकाच्या वाक्याची लाज मला वाटायला हवी होती ती वेगळ्याच कारणानं. त्याच्या आधी अडीच वर्षं, २५ मे २०२१ला, मी स्वतः असाच बसलो होतो. कोरोनाचे दिवस. काउंटरपुढे काच, तोंडावर मास्क, खातेदार दहा हातांवरून ओरडून रक्कम सांगायचा आणि ती सगळ्या नगरला कळायची. मोबाइलवर बातमी आली की संगमनेरला कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या दिवशी माझा कॅशचा टॅली लागेना. पाचशेची एक नोट दोन बंडलांच्या मधे राहिली होती, ती मला चार वेळा मोजून दिसली नाही. शिपायानं लांबूनच विचारलं, ‘साहेब, वास येतोय ना तुम्हाला?’ मी म्हणालो, येतोय. कसला ते सांगितलं नाही. मला घोंगडीचा, धुळीचा आणि रॉकेलचा वास येत होता.

घरी मी हा विषय काढलाच नाही. काय सांगणार? की एक तमाशातल्या बाई गेल्या आणि मला बरं वाटत नाही?

आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. वडील प्राथमिक शिक्षक. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते आम्हाला बहुधा नावानं हाक मारतच नसत. नुसतं बघत. त्या बघण्यात पाढे, शुद्धलेखन, आचरण, सगळं यायचं. आमच्या घरात तमाशा हा शब्द फक्त एकाच अर्थी वापरायला परवानगी होती: ‘काय तमाशा लावलाय?’ बाकी ज्या तालुक्यानं हिवरगाव पावशाची पवळा दिली, जी तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते, आणि जिच्यासाठी म्हणा किंवा कवनासाठी म्हणा, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा माणूस वतन-बितन सोडून पठ्ठे बापूराव झाला, त्या तालुक्यात आम्ही राहतो याचा अण्णांनी कधी उच्चार केला नाही. प्रवरेचं धरण, साखर कारखाना आणि स्कॉलरशिपची परीक्षा, एवढंच त्यांच्या लेखी संगमनेर.

१९९३च्या जानेवारीतली गोष्ट. पौष पौर्णिमेची खंडोबाची जत्रा. कांताबाईंचा फड येणार म्हणून आठ दिवस आधी गावातल्या म्हाताऱ्यांच्या अंगात वारं शिरलेलं. मी बारा वर्षांचा. रात्री अण्णांचं घोरणं सुरू झाल्याची खात्री करून मी चुलतभावाबरोबर मागच्या दारानं सटकलो. अंगात एक सदरा. थंडी अशी, की आम्ही दोघं एकमेकांच्या दातांचा आवाज ऐकत चाललो होतो.

तमाशा सुरू व्हायला वेळ होता, म्हणून कनातीच्या फटीतून आत डोकावलो. आत कंदिलाच्या उजेडात एक धिप्पाड गडी बसला होता. तोंडाला रंग, डोळ्यांत काजळ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, अंगावर नऊवारी, आणि तो भाकरी खात होता. ओठांची लाली पुसू नये म्हणून तोंड मोठं उघडून, घास हातानं थेट दातांवर ठेवत. मग बिडी पेटवली. मग पदर सारखा केला. हा मावशी होणारा माणूस. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही नटाकडे इतक्या आदरानं पाहिलेलं नाही.

मग गण झाला, गौळण झाली, मावशीनं आणि सोंगाड्यानं पेंद्याला सळो की पळो केलं. सोंगाड्या म्हणजे कांताबाईंचे चिरंजीव रघुवीर खेडकर. त्या माणसानं नुसतं टोपी फिरवून बघितलं तरी पटांगण आडवं व्हायचं. आणि वगात कांताबाई आल्या. पुरुषाच्या वेशात. बाई असून पुरुषी भूमिका करण्यात त्यांचा हातखंडा होता. गुजरातेत दगडाच्या खाणीवर मजुरी करायला गेलेल्या सातारकडच्या आईबापांची ही मुलगी. कोणत्या शाळेत असं चालायला, असा आवाज लावायला शिकली असेल? समोर हजारभर माणूस होतं आणि कुणी खोकत नव्हतं. पौषात खेड्यातला माणूस न खोकता बसतो याचा अर्थ शहरी वाचकाला कळायचा नाही.

पहाटे वग संपत आला, ढोलकी शेवटची कडकडली आणि मी सहज मागे वळून पाहिलं. लिंबाच्या झाडाखाली, एका बैलगाडीच्या आडोशाला, कानाला मफलर गुंडाळून अण्णा बसले होते.

त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. दोघांनीही ताबडतोब समोर पाहायला सुरुवात केली.

सकाळी चहाच्या वेळी अण्णा म्हणाले, ‘झोप लागली का रात्री?’

‘लागली.’

‘मलाही लागली,’ अण्णा म्हणाले आणि शाळेत गेले.

या विषयावर आम्हा बापलेकांचं आयुष्यभरात झालेलं हे संपूर्ण संभाषण. २०१६मध्ये अण्णा गेले.

तर अशी पार्श्वभूमी असलेल्या माणसानं आपल्या मुलीला सुतकाचं वाक्य ऐकवलं होतं. यादी खिशात घेऊन मी पुण्याच्या गाडीचा धूर दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो आणि मग बँकेत जाऊन, जेवणाच्या सुटीत, स्ट्राँगरूमशेजारच्या कोपऱ्यात पहिलं गाणं लावलं.

पहिलं गाणं होतं १९८८चं ‘जस्ट वन मोअर किस’. शीर्षक मोबाइलवर ठसठशीत झळकलं आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या नव्या तरुण अधिकारी बाई मागून डोकावल्या. ‘सर, काय ऐकताय?’ मी म्हणालो, ‘जपानी रॉक.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिजोरीच्या किल्ल्या घेऊन जपानलाच निघालोय. ‘रॉक? नगरमध्ये?’ आता हे मात्र मला सहन झालं नाही. नगरमध्ये म्हणजे? अहो, आपल्या अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. इंग्लंडचा ‘द हू’ नावाचा एवढा मोठा रॉक बँड, त्याचा पीट टाऊनशेंड या बाबांचा भक्त. त्यांचं १९७१चं ‘बाबा ओ’रायली’ हे गाणं जगभर वाजतं, त्यातले ‘बाबा’ म्हणजे आपले दौंड रोडवरचे. मी हे सगळं एका दमात सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘सर, बाहेर पेन्शनची रांग लागलीय.’

दुसऱ्या गाण्याचं नाव ‘आकु नो हाना’, म्हणजे पापाची फुलं. १९९०चं. हे नाव बोदलेअर या फ्रेंच कवीच्या पुस्तकाचं. शेरा होता: ‘आईसमोर अर्थ सांगू नका.’ मला अर्थ कळला नव्हता, त्यामुळे ही अट मी प्रामाणिकपणे पाळली. तिसरं ‘ड्रेस’. चौथं २००५चं ‘रोमान्स’. ज्या अल्बममध्ये ते आहे त्याच्या नावाचा अर्थ ‘तेराव्या मजल्यावर चांदणं’ असा काहीसा होतो. त्यात सगळीकडे पडके वाडे आणि वटवाघळं असल्यासारखं वाटतं. ऐकताना मला माळीवाड्यातला आमच्या मावशीचा जुना वाडा आठवला. तोही असाच भयाण होता, पण तिथे रोमान्सची शक्यता मला कधी जाणवली नव्हती.

खरं सांगतो, पहिली चार गाणी मी हप्ते फेडावेत तशी ऐकली. आवाज चांगला, पण माझं लक्ष सेकंद किती उरलेत याकडे. पाचवं होतं ‘ज्युपिटर’. शेरा: ‘हे रात्री. एकट्यानं.’

ही झोपल्यावर मी गच्चीवर गेलो. सावेडीची गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि लांबवर मनमाड रोडचे दिवे. हेडफोन लावला. सुरुवातीला नुसती गिटार. उभ्या केसांचा, लालीचा कुठे मागमूस नाही. मग साकुराईचा आवाज आला, खर्जातला, घाई नसलेला. एकही शब्द कळत नव्हता. हे १९९१चं गाणं. त्याच्या आदल्या वर्षी त्याची आई गेली होती, तिच्यासाठी लिहिलेलं. चाल त्यांच्या होशिनो नावाच्या गिटारवाल्याची. मला हे सगळं नंतर कन्येनं फोनवर सांगितलं. ऐकताना मला एवढंच कळलं की हा माणूस कुणाला तरी पोचवायला चाललाय आणि परत फिरायला तयार नाही.

दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्या वेळी हिनं खालून हाक मारली, ‘अहो, टाकी भरून वाहतेय! दिसत नाही का?’ टाकी माझ्यापासून चार फुटांवर होती. पायजमा घोट्यापर्यंत भिजला होता.

मी लगेच पुण्याला फोन लावला. रात्रीचे साडेबारा. पोरगी घाबरली. ‘बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?’

‘बरी आहे. पाचवं ऐकलं.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करू लागलो.

‘आहे मी,’ ती म्हणाली.

‘दसऱ्याला मी चुकीचं बोललो होतो.’

‘हो.’

‘सुतक लागतं.’

यावर ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. रेंज चांगली नव्हती, असं आपण म्हणू. मग ‘बाबा’नंतरचं ते पाऊण तासाचं वाक्य एकदाचं आलं. साकुराई गेल्यावर उरलेले चौघे २९ डिसेंबर २०२३ला बुदोकानमध्ये उभे राहिले, त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावून त्याच्या मागे वाजवलं, आणि आम्ही थांबणार नाही असं सांगितलं. पुढल्या डिसेंबरात नवा अल्बमही काढला. आता दोघे गिटारवाले, इमाई आणि होशिनो, गातात. ‘वाईट गातात का?’ मी विचारलं. ‘नाही हो बाबा. पण वेगळं.’ मग मीही तिला कांताबाई सांगितल्या. फटीतून पाहिलेली मावशी सांगितली. बालगंधर्व सांगितले, ज्यांचं लुगडं नेसणं पाहून घरोघरच्या बायका नेसू लागल्या. ती किंचाळली, ‘म्हणजे आपल्याकडे पण व्हिज्युअल केई आहे?’

‘आहे म्हणजे? आपलं आधीपासूनचं आहे.’

मग तिनं मला काबुकी ऐकवलं. तो खेळ १६०३च्या सुमारास ओकुनी नावाच्या बाईनंच क्योतोत सुरू केला, १६२९मध्ये सरकारनं बायकांना बंदी घातली आणि पुरुष बाया होऊन नाचू लागले. आपल्याकडे उलटं. आधी नाच्या, मग पवळा. पुराव्याच्या तारखा तिच्याकडे असल्यामुळे मी ‘आधीपासूनचं’वर फार जोर दिला नाही.

‘मग बारावं गाणं कुठलं?’ तिनं विचारलं.

इथे मी अडकलो. मला एकही अख्खं गाणं आठवेना. ढोलकी आठवत होती, थंडी आठवत होती, भाकरी खाणारा गडी आठवत होता. शिफारस करायची तर कागद हवा. म्हणून पुढल्या रविवारी माळ्यावरची अण्णांची ट्रंक काढली. २०१६पासून ती तशीच होती. वरती जुनी हजेरीपत्रकं, पगाराच्या पावत्या, आदर्श शिक्षक पुरस्काराचा न पाठवलेला अर्ज. तळाशी एक शंभर पानी वही. वरती ‘परिसर अभ्यास’ असं वळणदार अक्षर.

आत परिसर अभ्यासच होता. गाव, तारीख, फडाचं नाव, आणि गुण. अण्णा तमाशाला गुण देत होते! ‘गण: स्पष्ट उच्चार. ७.’ ‘वग: लांबला. ५. पुन्हा तयारी करणे.’ ‘सोंगाड्या: वाह्यात. ९.’ ‘ढोलकी: हाताला वळण आहे. ८.’ अकोले, राजूर, ओतूर, नारायणगाव. वीस-बावीस वर्षांच्या नोंदी. हा माणूस पोर्णिमेच्या आसपास ‘केंद्राची मिटिंग’ म्हणून रात्र रात्र गायब असायचा आणि आई त्याला शिधा बांधून द्यायची. तिला माहीत असणार. तिनं मिटिंगला कधी दोन भाकरी कमी बांधल्या नाहीत.

मी १९९३चं पान शोधलं. पौष शुद्ध पौर्णिमा. आमचंच गाव. कांताबाई. दहापैकी दहा. सगळ्या वहीत दहा एवढेच. आणि खाली, हजेरी घेतल्यासारखी, एक ओळ: ‘चि. हजर. अंगात स्वेटर नाही.’

पुढल्या वर्षी जत्रेच्या रात्री मागच्या ओट्यावर एक घोंगडी पडलेली होती. मला वाटलं होतं, आई आत घ्यायला विसरली. मी ती गुंडाळून तमाशाला गेलो होतो आणि पहाटे जागच्या जागी आणून ठेवली होती, कुणाला कळू नये म्हणून घडीसुद्धा तशीच विस्कटून.

त्या पानाचा फोटो मी पुण्याला पाठवला. सोबत रघुवीर खेडकरांच्या बतावणीची एक चित्रफीत. बारावी जागा भरली. उत्तर आलं ते लगेच आणि पुष्कळ रडक्या चेहऱ्यांसह. त्याखाली एक सूचना होती, की वही अजून कोरी असेल तर बाबांनी यादीतल्या अकरा गाण्यांना आजोबांसारखे गुण द्यावेत.

दिले. ‘जस्ट वन मोअर किस: उत्साही. ६.’ ‘रोमान्स: वाडा बरा. ७.’ ‘लाँग डिस्टन्स कॉल’ हे दूरवरून आईला केलेल्या फोनचं १९९५चं गाणं, त्याला मी ८ दिले आणि शेरा मारला, ‘यावरून बोध घेणे, रविवारी तरी आईला फोन करणे.’ एकदोन गाणी मला मुळीच आवडली नाहीत. नुसता कारखान्याचा भोंगा. त्यांना ४. यावरून फोनवर वाद झाला. त्या गाण्यांत भोंगाच अपेक्षित आहे, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, मग भोंग्याला पैकीच्या पैकी, गाण्याला ४.

खरं भांडण ‘ज्युपिटर’वरून झालं. मी साडेआठ दिले होते.

‘बाबा! साडेआठ? टाकी वाहिली होती तुमची!’

‘टाकीचे गुण वेगळे. अण्णांनी दहा एकदाच दिलेत.’

‘दहा नका देऊ. पण साडेआठ?’

पुष्कळ घासाघीस होऊन नऊवर मिटलं. २ ऑक्टोबर २०२५ला दसरा होता. ती नगरला आली, पाया पडली, सोनं दिलं. डोळ्यांत भरपूर काजळ. ही काही बोलली नाही, उलट ते बोटावर घेऊन तिच्या कानामागे एक तीट लावली. मी वही आणून तिच्या हातात ठेवली आणि चष्मा पुसत बसलो. तिनं पानं चाळली, आजोबांचं पान बराच वेळ पाहिलं, मग टेबलावरची पेन्सिल घेतली आणि ‘ज्युपिटर’समोरच्या नऊला हळूच एक अर्धा जोडला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.